दुनळी बंदुकीच्या सांध्यातील ढिलाई कशी तपासावी

मुंबईत वारशाने किंवा परवानाधारक विक्रेत्याकडून मिळणारी बारा बोअरची दुनळी बरेचदा आधीच्या पिढीने भरपूर वापरलेली असते. तिच्या नळ्या कितीही चकचकीत असल्या, तरी मोडून उघडणाऱ्या बंदुकीची खरी प्रकृती नळ्या ज्या सांध्यात बंद होतात तिथेच कळते.

तपासणीपूर्वी दोन्ही चेंबर, म्हणजे नळ्यांतल्या काडतुसाच्या जागा, रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. त्यानंतर फोर-एंड, म्हणजे नळ्यांखालचा लाकडी भाग, काढावा. हे टाळून केलेली तपासणी जवळजवळ निरर्थक ठरते, कारण फोर-एंडची स्प्रिंग नळ्यांना मागे रेटून धरते आणि झिजलेली बंदूकही घट्ट भासते. सांध्यातले तेल पुसून नळ्या बंद कराव्यात, दस्ता काखेत दाबावा, एका हाताने नळ्या डावी-उजवीकडे व वर-खाली हलवाव्यात आणि दुसऱ्या हाताचे बोट सांध्याच्या फटीवर ठेवावे. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला जाणवते. मग बंदूक ट्यूबलाइटसमोर आडवी धरून नळ्यांची मागची कड आणि तिच्यामागची पोलादी भिंत यांच्यामधून उजेड येतो का ते पाहावे. साधा छपाईचा कागद सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो. तो त्या फटीत सरकत असेल, तर बंदूक कारागिराला दाखवेपर्यंत झाडू नये.

वरचा खटका, म्हणजे बंदूक उघडण्याची कळ, बंद स्थितीत कुठे थांबतो, हे पाहण्याची पद्धत लोकप्रिय आहे. नव्या बंदुकीत तो सहसा मध्यापासून किंचित उजवीकडे थांबतो; नळ्या बंद धरणारा पाचरीसारखा बोल्ट झिजत जातो तसा स्प्रिंगच्या जोराने अधिक आत सरकतो आणि खटका मध्याकडे, पुढे डावीकडे येतो. मात्र केवळ या खुणेवर विसंबून बंदूक घेऊ नये, कारण बोल्ट बदललेला असल्यास खटका उजवीकडेच थांबतो आणि बिजागरीची झीज तशीच राहते. बार उडताना नळ्या पुढे ओढल्या जातात व त्यांच्याखालचा आकडा बिजागरीच्या पिनवर घासतो. उजेड दिसणारी फट बहुधा या झिजेची असते, तर बोल्ट व त्याच्या खाचा झिजल्या की नळ्या वर-खाली डुलतात. झाडलेल्या काडतुसाची टोपी, म्हणजे बुडातली ठोक्याने पेटणारी कॅप, बुडाबाहेर आलेली दिसली, तर तीही ढिलाईचीच शंका समजावी.

हातोडीने ठोकून आकड्याचा धातू पसरवणे किंवा मध्ये पत्र्याची चकती घालणे, हे मला दुरुस्तीपेक्षा विक्रीपुरती केलेली रंगरंगोटी वाटते. जाड पिन बसवणे, किंवा आकड्यावर वेल्डिंगने धातू चढवून तो काजळी लावून उमटणाऱ्या ठशानुसार घासत नेमका जुळवणे, हे खरे उपाय आहेत. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या वेल्डरकडे बंदूक नेऊ नये.

झीज लांबवण्यासाठी पिनवर व बोल्टच्या खाचांत ग्रीसचा पातळ थर पुरतो, पण मनगटाच्या झटक्याने बंदूक बंद करण्याची ऐट सोडावी लागते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्याआधी व नंतर जुने ग्रीस पूर्ण पुसून नवे लावावे, कारण त्यात अडकलेली धूळ पॉलिश पेपरप्रमाणे सांधा खात राहते.