बाळाची हालचाल कमी वाटतेय? या चुका टाळा

"नववा लागला की बाळाला जागा उरत नाही, म्हणून ते कमी फिरतं." घरोघरी सांगितलं जातं आणि साफ चुकीचं आहे. हालचाली साधारण 32 व्या आठवड्यापर्यंत वाढतात, मग तेवढ्याच राहतात. लाथांऐवजी ढुशी किंवा कूस पालटणं जास्त जाणवेल. पण कळा सुरू झाल्यावरही बाळ हलायलाच हवं.

दुसरी चूक, "आता रात्र झालीय, सकाळी बघू." वारेतून (प्लासेंटातून) ऑक्सिजन कमी मिळू लागला की बाळ शक्ती राखण्यासाठी हालचाल कमी करतं. त्यामुळे रात्री अकरा वाजले असले तरी दवाखान्यात फोन करायचा. गोड किंवा गार पाणी पिऊन वाट बघत बसणं हा उपाय नव्हे. घरच्या डॉपलरवर (पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र) ठोके ऐकून निर्धास्त होणं तर त्याहून धोक्याचं: कधी आईचीच नाडी ऐकू येते आणि ठोके खरे असले तरी बाळ ठीक आहे असं त्यावरून ठरत नाही.

जावेचं बाळ किती हलायचं, याच्याशी तुलना नको. पहिली हालचाल 16 ते 24 आठवड्यांत केव्हाही जाणवते. पहिलटकरणीला बहुधा उशिरा, आणि वार पुढच्या बाजूला असेल तर सुरुवातीला अंधुक. चोविसावा उलटूनही काहीच जाणवलं नाही तर दाखवून घ्या.

बाळ झोपतंही. एक झोप बहुतेक 20 ते 40 मिनिटांची, क्वचितच 90 च्या पुढे. म्हणून 28 आठवड्यांनंतर शंका आली तर मोबाइल, टीव्ही बाजूला ठेवून डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत 10 वेगवेगळ्या हालचाली झाल्या नाहीत तर लगेच दवाखाना गाठा. उचक्या यात धरू नका. पण आकड्यालाच चिकटू नका: एरवी पंधरा मिनिटांत दहा करणाऱ्या बाळाला आज दोन तास लागले, तर तोही बदलच. आणि अजिबात हालचाल नसेल तर मोजत बसूच नका, निघा.

एनएसटी (पोटाला पट्टे लावून बाळाचे ठोके नोंदवणारी तपासणी) चांगली आली, घरी आलात आणि परत हालचाल मंदावली, तर परत जा. "पुन्हा काय सांगायचं" हा संकोच अजिबात नको. माहेरी बाळंतपणाला जाताना फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट सोबत न्या, तिथल्या लेबर रूमचा नंबर आधीच घेऊन ठेवा. गाडी नसेल तर 108.