गळतं तिथं भोक नसतं

खानापूर तालुक्यातली जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना अजून कौलारू घरं दिसतात. त्यातल्या बऱ्याच घरांवर मी चढलेला आहे. बाबा सुतार होते. मी सुतारकी आणि गवंडीकाम दोन्ही करतो. एप्रिल उजाडला की फोन सुरू होतो, "मिस्त्री, कौलं चाळायची होती, कधी येताय?" रोहिणी निघायच्या आत सगळ्यांनाच घर शाकारून हवं असतं आणि हाताखाली माणूस मिळत नाही. पोरं एकतर बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यांत, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्यात. म्हणून हे लिहून ठेवतोय. सोबत एक जण असेल आणि उंचीला डोकं गरगरत नसेल तर यातली निम्मी कामं घरच्या माणसाला जमतात.

पहिली गोष्ट, लगेच शिडी लावायची नाही. आत बसायचं.

वळवाची पहिली सर आली की हातात खडू आणि बॅटरी घेऊन माळ्यावर जा. थेंब पडतो तिथं बादली ठेवून मोकळं होऊ नका, थेंब आला कुठून ते बघा. कौलाच्या भोकातून आत आलेलं पाणी सरळ खाली पडत नाही. ते रिपेवर, म्हणजे कौल ज्यावर टेकतं त्या आडव्या पट्टीवर येतं, रिपेवरून वाशावर, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडावर, आणि वाशाच्या खालच्या कडेनं घसरत घसरत जिथं गाठ, खिळा किंवा सांधा लागेल तिथं सुटतं. एका घरी थेंब नेमका देव्हाऱ्यावर. घरातल्यांनी देव्हाऱ्याच्या वरची सगळी कौलं बदलली, तरी थेंब तिथंच. मी ओल्या वाशावर बोट फिरवत वर गेलो, तर भोक सहा फूट वर, आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या लाकडाच्या जवळ. वासा जिथून ओला व्हायला सुरुवात होते तिथं खडूची फुली मारायची. पाऊस थांबल्यावर, ऊन असताना, माळ्यावरचा दिवा बंद करून त्या फुलीच्या आसपास बघायचं. उजेडाचा ठिपका दिसला की त्यातून केरसुणीची काडी वर सारायची. छपरावर गेल्यावर ती काडी उभी दिसते, शोधत बसावं लागत नाही. ही युक्ती बाबांची.

आता चढायचं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर नाही, कौलावरचं शेवाळ तेलासारखं असतं. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची सर्व्हिस वायर कुठून आत गेली आहे ते आधी बघून घ्या आणि शिडी तिच्यापासून लांब लावा. चपला खाली. कौलाच्या मधोमध पाय दिला तर कौल गेलंच. वरच्या ओळीचं शेपूट खालच्या ओळीच्या डोक्यावर जिथं बसतं तिथं कौल दुहेरी असतं आणि खाली रीप असते. पाय तिथं. लांबचं काम असेल तर बांबूची शिडी पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, उताराच्या दिशेनं टाकून तिचं वरचं टोक आढ्यापलीकडं दोरानं बांधा आणि शिडीवरूनच काम करा.

एक कौल बदलायला अख्खी ओळ उसवायची गरज नाही. फुटक्याच्या वरचं कौल आणि ज्याची कड फुटक्यावर चढलेली आहे ते बाजूचं, एवढी दोन थोडी उचलून खाली लाकडी पाचर सारा. फुटकं कौल आधी वर ढकला, म्हणजे पाठीचे दात रिपेवरून सुटतात, मग तिरकं करून खाली ओढा. नवं त्याच वाटेनं वर सरकवा, जरा जास्तच, आणि हळू खाली ओढा. दात रिपेत बसला की टक् असा आवाज येतो. तो आल्याशिवाय पाचर काढू नका. नुसतं टेकलेलं कौल पहिल्या वाऱ्यात घसरतं.

नवं म्हणजे कुठलं, हा खरा घोळ आहे. बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी 1860 च्या दशकात मंगळूरला ही यंत्रावरची कौलं काढायला सुरुवात केली, पुढं आमच्या खानापुरातही कारखाने झाले. इथली माती त्या कामाला नावाजलेली. पण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. दिसायला सारखी दिसणारी दोन कौलं एकमेकांच्या खाचेत बसतीलच असं नाही. रीप ते रीप अंतर साधारण साडेबारा इंच, त्यात पाव इंचाचा फरक पडला तरी ओळ वाकडी जाते. म्हणून फुटक्या कौलाचा शिक्क्याकडचा तुकडा पिशवीत घालूनच कौलं आणायला जा. पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. नव्यापेक्षा पाडलेल्या घराची जुनी कौलं मला जास्त आवडतात, भाजणी चांगली असते. घेताना एकेक कौल हातावर तोलून बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर चीर आहे. शंका असेल तर एक कौल कोरडं वजन करून रात्रभर बादलीत बुडवा. अडीच किलोचं कौल अर्ध्या किलोहून जास्त पाणी पीत असेल तर ते छपरावर चढवू नका. शंभर चौरस फुटाला दीडशे कौलं लागतात, म्हणजे पावणेचारशे किलो. त्यात पाणी मुरलं की तो सगळा भार वाशांवर.

आता कोन्यांकडं, म्हणजे आढ्यावर बसणाऱ्या कौलांकडं येतो. इथं मी स्वतः माती खाल्ली आहे.

माझी थोरली बहीण कारवारजवळ सदाशिवगडच्या बाजूला दिली आहे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पश्चिमेकडं तोंड. 2019 च्या पावसाळ्यात तिच्या आढ्यातून गळायला लागलं. दिवाळीनंतर मी गेलो आणि एक सिमेंट, तीन वाळू असा दणदणीत माल कालवून सगळे कोने एकमेकांना जोडून टाकले. वर गुळगुळीत घोटाई. खालून बघितलं तर कसं छान दिसत होतं! भावोजींनी कोंबडी कापली.

15 मे 2021 ला तौक्ते वादळ त्या किनाऱ्यावरून वर सरकत होतं. संध्याकाळी आक्काचा फोन. आढ्यावरचा आठ फुटांचा तुकडा, कोने आणि सिमेंट एकसंध, उचलला गेला आणि पडवीच्या कौलांवर आदळला. पडवीत कुणी नव्हतं, नशीब. "मी तुला तेव्हाच सांगितलो होतो, एवढं सिमिट नको म्हणून," आक्का म्हणाली. तिनं खरंच सांगितलं होतं.

झालं काय होतं ते नंतर बघितलं. कौल दिवसा उन्हानं तापून फुगतं, रात्री आकसतं. कडक सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही. दोन उन्हाळ्यांत कौल आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाएवढी भेग पडली, चिकटलेलं सुटलं. वर लांबलचक फळीसारखा तुकडा नुसता ठेवल्यासारखा राहिला. वारा पाख्यावरून चढून आढ्याच्या पलीकडं जाताना ओढ घेतो. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. हे तोपर्यंत मला माहीत होतं पण पटलेलं नव्हतं.

त्या वेळी लॉकडाऊन, मला जिल्हा ओलांडता येईना. भाच्याला व्हिडिओ कॉलवर समोर घेतलं. तो बँकेत कामाला, छपराला त्यानं आयुष्यात हात लावलेला नाही. "मामा, पाणी धबाधबा येतंय," एवढंच म्हणत होता. त्याला सांगितलं ते इथंही सांगतो. वारा चालू असताना वर जायचं नाही, भांडी ठेवा, मीटरचा मेन बंद करा, सामान हलवा. वारा पडल्यावर ताडपत्री. ती भोकावर ठिगळासारखी टाकायची नाही. वरची कड आढ्यापलीकडं दुसऱ्या पाख्यावर किमान चार फूट गेली पाहिजे, नाहीतर पाणी ताडपत्रीच्या खालून शिरतं. दोन्ही टोकांना कड एका सुट्या रिपेभोवती दोनदा गुंडाळायची आणि त्या रिपेला दोर बांधून तो खाली वाशाच्या टोकांना आवळायचा. दगड ठेवू नका, वाऱ्यात तेच कौलं फोडतात. पोरानं दोन तासांत केलं. ती ताडपत्री जून अखेरपर्यंत टिकली.

मग मी जाऊन कोने नव्यानं बसवले. एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू. चुन्यामुळं माल थोडा मऊ राहतो, कौलाबरोबर हलतो. कोने आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवायचे. कोरडं कौल मालातलं पाणी पिऊन टाकतं आणि माल भुसभुशीत होतो. माल फक्त दोन्ही कडांखाली पट्टीसारखा लावायचा, पोकळी भरायची नाही. भरलेली पोकळी पाणी धरून ठेवते आणि आढं कुजवते. आणि प्रत्येक कोना तारेनं आढ्याला बांधायचा. भोक नसेल तर भिजलेल्या कोन्याला पाच मिलिमीटरच्या बिटनं पाडा, ड्रिल हॅमरवर न ठेवता, आणि पुढचा कोना ज्यावर चढतो त्या टोकाला, म्हणजे भोक झाकलं जातं.

तार कुठली यावर किनाऱ्यावर सगळं अवलंबून आहे. आमच्याकडं घाटावर साधी जस्ताची तार, लोखंडी खिळा वर्षानुवर्षं टिकतो. खारं वारं तीच तार दोन-तीन वर्षांत खाऊन टाकतं, बोटानं तुटते. मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून जुनी तांब्याची तार आणतो, 18 गेजची. बोअरच्या मोटारी जळतच असतात, तार किलोवर मिळते. पण तांब्याची तार लोखंडी खिळ्याला गुंडाळू नका. खाऱ्या ओलीत दोन धातू चिकटले की लोखंड आधी संपतं. तार रिपेलाच वेढा, नाहीतर स्टेनलेसचा स्क्रू घ्या. सगळी कौलं बांधत बसायची गरज नसते. वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या दोन ओळी, आढ्याखालच्या दोन ओळी आणि दोन्ही बाजूंच्या कडा पूर्ण बांधा, मधे तिसरं तिसरं कौल. वारा पहिला हात घालतो तो कडांनाच.

कौलं उतरलेली असतानाच लाकूड बघून घ्या. वासा भिंतीवर टेकतो ते टोक आणि वळचणीचं टोक, या दोन जागी स्क्रूड्रायव्हर टोचा. अर्धा इंच सहज गेला तर टोक गेलंय. अख्खा वासा बदलण्यापेक्षा चांगल्या भागाला शेजारी जोडवासा लावून आरपार बोल्ट मारला तर चालतो, पण जोड निदान तीन फूट चांगल्या लाकडावर यायला हवा. वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल लावतो आम्ही, खानापूर-चंदगड भागात मिळतं. ते हातावर सांडलं की कातडी सोलून निघते. हातमोजे घाला, आणि लाडानं मदतीला येणाऱ्या पोरांना लांब ठेवा. बाबांच्या मनगटावर त्याचा काळा डाग शेवटपर्यंत होता.

पत्र्याच्या घराचं थोडक्यात. स्क्रू पन्हळीत मारू नका, उंचवट्यावर मारा, खाली रबरी वायसर हवाच. दरवर्षी तो रबर बघा, उन्हानं तडकतो. पत्रे घालायला पूर्वेकडच्या टोकापासून सुरुवात करा, म्हणजे जोडाचं तोंड पश्चिमेच्या पावसाकडं येत नाही. वळीव मात्र कुठूनही येतो, त्याला इलाज नाही. स्लॅब गळत असेल तर आधी पाणी जायची नळी मोकळी करा. निम्म्या स्लॅबचं दुखणं पानांनी बुजलेली नळी असतं.

आणि वानरं. त्यावर माझ्याकडं उपाय नाही. आंब्याची फांदी छपरावर आलेली असेल तर तेवढी तोडा.

काम झालं की पंचवीसेक कौलं आणि चार कोने जास्तीचे ठेवा, त्याच शिक्क्याचे. मागच्या भिंतीला उभे टेकवून ठेवायचे, आडवी चळत केली तर खालची तडकतात. पावसात त्यातलं एखादं काढायला गेलात तर हात घालण्याआधी काठीनं दोनदा वाजवा. मधल्या फटीत विंचू असतो.