कॉम्प्युटर अधूनमधून वाजतो आणि कारण सापडत नाही? आवाजाचा माग असा काढा

कॉम्प्युटरला कुणी हात लावलेला नाही, स्क्रीनवर काही बदललेलं नाही, आणि दर दहा-वीस मिनिटांनी 'टुं-डुंग' असा आवाज येतोय. बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो, तो म्हणजे स्पीकर म्यूट. कृपा करून ते सगळ्यात शेवटी करा. सैल झालेला यूएसबी पोर्ट, संपत आलेली यूपीएसची बॅटरी, तापणारा प्रोसेसर यांची पहिली खबर बरेचदा आवाजातूनच मिळते. ती खबर बंद केली की पुढची खबर थेट बिघाडाच्या रूपात येते.

माग काढायचा क्रम ठरलेला आहे. आवाज कोणत्या वस्तूतून येतोय, तो कशाचा आहे, आणि तो का वाजतोय. क्रम मोडला की माणूस दोन तास विंडोजच्या सेटिंगमध्ये घालवतो आणि वाजत असतो टेबलाखालचा यूपीएस.

आधी वस्तू ओळखा

स्पीकरची पिन काढा. हेडफोन लावलेला असेल तर तोही काढा. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला असेल तर त्याच्या आतही छोटे स्पीकर असू शकतात, म्हणून मॉनिटरचा आवाजही शून्यावर न्या. लॅपटॉप असेल तर त्याचाही. आता वाट बघा. तरीही आवाज आला, तर तो विंडोजचा नाही.

एक कागद घेऊन वेळा लिहायला लागा. नेमक्या अंतराने येणारा आवाज आणि अनियमित येणारा आवाज यांची कारणं वेगळी असतात. दर तीस-चाळीस सेकंदांनी एकच बारीक 'चिक' येत असेल, तर कॉम्प्युटर सोडा आणि छताकडे बघा. धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरची बॅटरी उतरली की तो असाच चिकचिकतो. स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म लावला असेल तर तोही तपासा. मात्र गॅस अलार्म सलग वाजत असेल तर तो बॅटरीचा प्रश्न धरू नका. गॅसची मुख्य कळ बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका.

यूपीएस

घरगुती यूपीएस साधारण ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्याच्या ताकदीचं माप) असतो आणि आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. लाइट गेली की तो ठरावीक अंतराने बीप देतो, बॅटरी संपत आली की बीप जवळजवळ येतात, आणि भार जास्त झाला की सलग वाजतो. नेमका ठेका कंपनीनुसार बदलतो, म्हणून माहितीपुस्तिकेतलं बीपचं पान फोटो काढून ठेवा.

घोटाळा होतो तो लाइट असताना वाजणाऱ्या यूपीएसचा. त्याची तीन कारणं नेहमी आढळतात. बॅटरी म्हातारी झालेली असते. आपल्याकडच्या उकाड्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम टाकते. दुसरं, त्याच्यावर लेझर प्रिंटर लावलेला असतो. प्रिंटरचा हीटर तापताना काही क्षण शेकडो वॅट ओढतो, आणि ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद साडेतीनशे वॅटच्या आसपासच असते. प्रिंटर थेट भिंतीच्या पॉइंटवर लावा. तिसरं, यूपीएस घरातल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो. जुन्या स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरींच्या) इन्व्हर्टरची वीज बरेच यूपीएस स्वीकारत नाहीत. ते सारखे बॅटरीवर जातात, परत येतात आणि प्रत्येक वेळी वाजतात. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये जनरेटरचा पुरवठा घरापर्यंत येत असेल, तर महावितरणच्या लाइनवरून जनरेटरवर जाताना एक-दोन बीप येणारच. ते अगदी योग्य आहे.

बॅटरी तपासायची पद्धत सोपी आहे. काम सेव्ह करा, कॉम्प्युटर शट डाउन करा आणि यूपीएसवर फक्त मॉनिटर आणि राउटर ठेवा. यूपीएस रात्रभर चार्ज झालेला हवा. आता भिंतीवरचं बटण बंद करा. एवढ्या कमी भारावरही तो दोन-चार मिनिटांत मान टाकत असेल, तर बॅटरी बदला. मल्टिमीटर असेल तर बॅटरी सुटी करून काही तासांनी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज, १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण नुसत्या व्होल्टवर विसंबू नका, कारण खराब बॅटरी भाराविना चांगला आकडा दाखवते.

बदलताना यूपीएस बंद करून भिंतीतून वायर काढा. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. शेवटचा टर्मिनल जोडताना बारीक ठिणगी उडते, तिला घाबरू नका. बोटातली अंगठी मात्र आधी काढा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं असतं. नवी देणारा दुकानदार जुनी परत घेतो.

कॅबिनेटच्या आतून येणारा बीप

स्पीकर काढूनही आवाज कॅबिनेटमधून येत असेल, तर तो मदरबोर्डच्या चिमुकल्या बझरचा असतो. सुरू होतानाच वाजत असेल आणि स्क्रीन काळी असेल, तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीवर, घ्या. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंचा 'कट' ऐकू येईपर्यंत पट्टी परत बसवा. खाडीच्या दमट हवेत, ऐरोली-वाशीकडे तर विशेष, पावसाळ्यानंतर एवढ्यानेच अर्धे कॉम्प्युटर उठतात.

गेम किंवा जड व्हिडिओ चालू असतानाच बीप येत असेल तर तो तापमानाचा किंवा पंख्याचा इशारा. प्रोसेसरचं तापमान ९० अंशांच्या पुढे जातंय का ते पाहा, हीटसिंकमधली (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांमधली) धूळ काढा आणि पंखा फिरतोय याची डोळ्यांनी खात्री करा.

आणि आवाज बीपसारखा नसून धातूवर टकटक केल्यासारखा असेल, तर बाकी सगळं थांबवा. ती हार्ड डिस्क आहे. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, तपासणी नंतर.

विंडोजचा आवाज: त्याचं नाव शोधा

स्पीकर काढल्यावर आवाज थांबला, म्हणजे तो विंडोजमधून किंवा एखाद्या ॲपमधून येतोय. स्टार्टमध्ये 'चेंज सिस्टिम साउंड्स' शोधा आणि साउंड्स हा टॅब उघडा. तिथे प्रत्येक घटनेपुढे तिची फाइल लावलेली असते. 'डिव्हाइस कनेक्ट', 'डिव्हाइस डिसकनेक्ट', 'डिव्हाइस फेल्ड टू कनेक्ट', 'ॲस्टेरिस्क', 'एक्सक्लमेशन', 'नोटिफिकेशन' या निवडून टेस्ट दाबा आणि कान द्या. चढत जाणारे दोन सूर म्हणजे काहीतरी जोडलं गेलं, उतरते दोन सूर म्हणजे सुटलं.

कानांवर भरवसा नसेल तर संशयित घटनांना मुद्दाम वेगळे आवाज लावा. विंडोजच्या मीडिया फोल्डरमध्ये अलार्म आणि रिंग या नावांच्या दहा-दहा फाइल्स आहेत. डिसकनेक्टला एक रिंग, नोटिफिकेशनला एक अलार्म. पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीतूनही कळेल की काय वाजलं.

यूएसबी: बहुतेक वेळा गुन्हेगार इथेच

जोडल्या-सुटल्याचा आवाज आला की डिव्हाइस मॅनेजर उघडून ठेवा. आवाजाबरोबर यादी क्षणभर लुकलुकते आणि एखादी ओळ गायब होऊन परत येते. ती पकडता आली नाही तर नीरसॉफ्टचं यूएसबीलॉगव्ह्यू हे मोफत टूल चालू ठेवा. ते प्रत्येक जोडणी आणि तुटणी वेळेसकट नोंदवतं, डिव्हाइसचं नावही देतं. तुमच्या कागदावरची वेळ आणि त्यातली वेळ जुळली की चोर सापडला.

बाहेर काहीच लावलेलं नाही आणि तरी आवाज येतोय, असंही होतं. लॅपटॉपचा वेबकॅम, ब्लूटूथ आणि बोटाच्या ठशाचा सेन्सर हे बहुधा आतून यूएसबीवरच जोडलेले असतात. डेस्कटॉपमध्ये पुढच्या पोर्टांची केबल मदरबोर्डवर सैल बसलेली असते. शिवाय ज्या मॉनिटरमध्ये यूएसबी हब, म्हणजे एका जोडणीतून अनेक पोर्ट देणारी सोय, असतो, तो झोपला की हबवरची सगळी उपकरणं सुटतात. स्क्रीन बंद व्हायची वेळ आणि आवाजाची वेळ एकच येतेय का ते बघा.

दुरुस्ती कारणानुसार बदलते. फोन चार्जिंगला लावला असेल तर आधी केबल बदला. घासलेली केबल दिवसभर जोड-तोड करत राहते. बाहेरची हार्ड डिस्क सुटत असेल तर वीज कमी पडतेय. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. डिस्क मागच्या निळ्या पोर्टला लावा किंवा स्वतंत्र ॲडॅप्टरचा हब घ्या. पोर्टच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर तो दमटपणाचा गंज. वायर काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चिंधी गुंडाळलेल्या लाकडी काडीने लावा आणि पंधरा मिनिटं वाळू द्या. आत पिन किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका.

पोर्ट आणि केबल दोन्ही ठणठणीत असतील तर वीज वाचवण्याची सोय आड येतेय. पॉवर ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा. ती ओळच दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली सगळ्यात वरची टिक काढा. लॅपटॉपवर याने बॅटरी थोडी लवकर उतरते.

नोटिफिकेशन, आणि त्यातली लबाडी

मेल, व्हॉट्सॲप, कॅलेंडर यांचे आवाज सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स इथे एकेका ॲपसाठी बंद होतात. ते पाच मिनिटांचं काम आहे.

काळजी हवी ती ब्राउझरची. एखाद्या साइटवर चुकून 'अलाऊ' दाबलं की ती साइट कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' अशा सूचना आवाजासकट पाठवत राहते. घरातल्या ज्येष्ठांना यातूनच फसवतात. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अनोळखी सगळी नावं काढून टाका. पूर्ण स्क्रीनभर इशारा, बोलणारा आवाज आणि फोन नंबर दिसला तर फोन करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि परत उघडताना जुनी पानं रिस्टोअर करू नका. कुणी आधीच पैसे दिले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

कीबोर्डही विसरू नका. नम लॉक पाच सेकंद दाबलं गेलं तर टॉगल कीज चालू होऊ शकतात आणि मग प्रत्येक कॅप्स लॉकला बीप येतो. कीबोर्डच्या कोपऱ्यावर कागदांची फाइल टेकलेली असेल तरी कॉम्प्युटर वाजत राहतो.

तरीही सापडत नसेल तर

मायक्रोसॉफ्टचं मोफत प्रोसेस मॉनिटर चालवा. फिल्टरमध्ये पाथ, एन्ड्स विथ निवडून आवाजाच्या फाइलची डब्ल्यू-ए-व्ही ही तीन अक्षरं टाका, आणि फिल्टर मेनूत ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स चालू करा, नाहीतर मेमरी भरत जाईल. आवाज आला की कोणत्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) कोणती फाइल उघडली ते वेळेसकट दिसतं. प्रोसेसचं नाव एक्सप्लोरर आलं तर निराश होऊ नका, फाइलच्या नावावरूनच घटना कळते. काहीच नोंद आली नाही तर आवाज ॲपच्या किंवा ब्राउझरच्या आतून येतोय. मग व्हॉल्यूम मिक्सर उघडा आणि एकेक ॲप म्यूट करत जा. ज्याला म्यूट केल्यावर आवाज थांबला, तेच ते.

कारण कळलं आणि ते निरुपद्रवी निघालं, तर तेवढ्या एका घटनेचा आवाज साउंड्स टॅबमध्ये 'नन' (काहीच नाही) करा. 'नो साउंड्स' ही सगळी योजना निवडू नका, कारण तिच्यात 'क्रिटिकल बॅटरी अलार्म' आणि 'डिव्हाइस फेल्ड टू कनेक्ट' हे दोन्ही आवाजही जातात.