पूर्व आफ्रिकेची बॅग भरताना या चुका टाळा

नैरोबीत राहते म्हणून मुंबई-पुण्याहून सफारीला येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगा आमच्याच दिवाणखान्यात उघडतात. आत काय निघणार हे मला न बघता सांगता येतं. पातळ टी-शर्ट, शॉर्ट्स, गॉगल, एक भलीमोठी हॅट. स्वेटर नाही.

विषुववृत्त केनियामधून जातं, म्हणजे घामाच्या धारा लागणार, असा सगळ्यांचा हिशेब. इथली हवा ठरते ती उंचीवर. नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटरवर आहे, मसाई मारा हे अभयारण्य १,५०० च्या वर. जुलै-ऑगस्टमध्ये नैरोबीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो, कित्येकदा दुपारपर्यंत ढग हटत नाहीत, आणि बसची वाट बघणारे स्थानिक लोक जाड जॅकेटात असतात. फोनवर हे सांगितलं की पलीकडून हसतात. "अगं, आफ्रिकेत थंडी?"

माझा आत्येभाऊही असाच हसला होता. ऑगस्टमध्ये आम्ही एकत्र टांझानियात गोरोंगोरोचं ज्वालामुखी विवर बघायला गेलो. त्या विवराची कड जवळजवळ २,३०० मीटरवर आहे आणि राहायची हॉटेलं बरीचशी कडेवरच. वहिनींनी भरलेले स्वेटर भावाने निघायच्या रात्री वजन कमी करायचं म्हणून बाहेर काढून ठेवले, त्या जागी लिननचे शर्ट. पहाटे सहाला गाडी निघाली तेव्हा धुकं इतकं की पुढचा रस्ता दिसेना. सेनेटोच्या वाटेने खाली उतरलो, चालकाने छप्पर वर उचललं आणि थंडगार वारा आत घुसला. पाच मिनिटांत साहेब खाली बसले, मग मुलं बसली, मग छप्पर बंद करायला लावलं. काळा गेंडा दिसला तेव्हा तिघं एका पांघरुणात गुरफटलेली. ती उठेपर्यंत तो झाडीत शिरला. "स्वेटर मजेत आहेत घरी, कपाटात," एवढंच वहिनी म्हणाल्या. दुपारी परतताना वाटेतल्या दुकानात त्यांनी मसाई लोक पांघरतात ते लाल चौकड्यांचे शुका घेतले, प्रत्येकी एक, दुकानदार सांगेल त्या भावाला.

मी स्वतः एकावर एक चढवते: टी-शर्ट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. आणि कानटोपी. फोटोत वाईट दिसते म्हणून कानटोपी नको म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दहापर्यंत ऊन तापतं आणि एकेक थर उतरतो.

दुसरी चूक तारखांची. मुलांना मे महिन्याची सुट्टी, म्हणून सफारीही मेमध्ये. मार्चच्या सुमारापासून मेपर्यंत इथे मोठा पावसाळा असतो. काही कॅम्प तर एप्रिल-मेमध्ये बंदच ठेवतात. "निम्म्या भावात पॅकेज मिळालं" असं कोणी उड्या मारत सांगितलं की मी आधी महिना विचारते. मारात आपल्या विदर्भासारखीच काळी कापसाची जमीन आहे. पाऊस पडला की गाडी आसापर्यंत रुतते, आणि जवळपास सिंह असताना खाली उतरून धक्का मारता येत नाही. दुसरी गाडी दोर घेऊन येईपर्यंत आत बसून राहायचं. पुन्हा पुन्हा येणाऱ्याला ते हिरवं, निवांत रान आवडेलही. पहिल्यांदाच, मुलांना घेऊन येणाऱ्याने या फंदात पडू नये. सुट्टीच हवी असेल तर शाळा उघडण्याआधीचा जूनचा पहिला आठवडा धरा, पाऊस ओसरत आलेला असतो. दिवाळीची सुट्टीही चालेल. नोव्हेंबरचा छोटा पाऊस बहुधा दुपारनंतर एखादी सर टाकून जातो.

मात्र दिवाळीत येऊन "नदी ओलांडणारे विल्डबीस्ट कुठायत?" असं चालकाला विचारू नका. या थोराड हरणांचा दहा लाखांहून मोठा कळप वर्षभर फिरत असतो. मारा नदीपाशी तो साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये भेटतो, आणि फेब्रुवारीच्या सुमारास टांझानियातल्या दक्षिण सेरेंगेटीत, एन्डुटूकडे, त्यांची पिल्लं जन्मतात. माझ्या मते गर्दी टाळणाऱ्याला फेब्रुवारीच उत्तम.

जीन्स आणू नका. भिजली की वाळत नाही, आणि गडद निळ्या-काळ्या रंगाकडे त्सेत्से माशा धावतात. त्यांना पकडायचे सापळेही इथे निळ्या-काळ्या कापडाचेच लावतात. चावा कपड्यातून बसतो. पांढरंही नको, केनियातल्या त्सावो अभयारण्याच्या लाल धुळीत तिथले हत्तीसुद्धा लाल दिसतात. मातकट, राखाडी, फिका हिरवा, घरात असेल ते चालतं. सफारीसाठी नखशिखांत नवा खाकी पोशाख शिवून घेणाऱ्यांची मला गंमत वाटते.

लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत. युगांडात सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, इतरत्रही उगाच चौकशी मागे लागते.

नाकातोंडावर बांधायला आणि कॅमेरा झाकायला मी सुती पंचा नेते. महागड्या स्कार्फपेक्षा तो बरा.

प्रत्येक कपडा वेगळ्या कॅरीबॅगेत घालायची आपली सवय इथे सोडा. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, टांझानियात १ जून २०१९ पासून. साड्यांची कापडी कव्हरं काढा, त्यात सगळं मावतं.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातल्या पिशवीसकट साधारण १५ किलोच नेता येतं, तेही मऊ बॅगेत. कडक चाकांची सुटकेस घेऊन आलेल्यांची अर्धी बॅग शेवटी आमच्या घरी राहते.

झांझिबार बेटावर समुद्रकिनारा सोडून स्टोन टाउन या जुन्या शहरात शिरताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत. वस्ती मुस्लीम आहे.

कपड्यांचे जोड मोजके घ्या, कारण बऱ्याच कॅम्पात कपडे धुऊन मिळतात. अंतर्वस्त्रं मात्र कर्मचारी सहसा धूत नाहीत. न्हाणीघरात साबणाची पूड ठेवलेली असते ती त्यासाठीच. सोबत सुतळीचा तुकडा आणि चार चिमटे ठेवा.