मुलांना आपला विश्वास दुसऱ्यांना सांगायला कसं शिकवायचं

संडे स्कूलमध्ये आपण मुलांकडून वचनं पाठ करून घेतो, नाताळच्या नाटकात त्यांना मेंढपाळ बनवतो, पण शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राने "तू रविवारी चर्चला का जातोस रे?" असं विचारलं की तेच मूल एकदम गप्प होतं. आपल्याकडे महाराष्ट्रात बऱ्याच शाळांमध्ये अख्ख्या वर्गात एखादंच ख्रिस्ती मूल असतं, त्यामुळे बुजणं साहजिक आहे. त्यात मुलाचा काही दोष नाही. देवाबद्दल साध्या भाषेत, गप्पा मारल्यासारखं बोलताना त्याने कुणाला ऐकलेलंच नसतं, पाळक साहेबांचा उपदेश ऐकलेला असतो आणि तसं बोलणं काही त्याला मधल्या सुट्टीत जमणार नाही.

म्हणून सुरुवात घरातून करा. जेवताना आई किंवा बाबांनी आपल्या दिवसातली एखादी खरी गोष्ट सांगायची, आज ऑफिसमध्ये खूप राग आला होता, मग मनातल्या मनात प्रार्थना केली आणि त्या माणसाशी नीट बोलता आलं, एवढंच. किंवा आजीच्या तब्येतीसाठी आपण रोज प्रार्थना करतोय, अजून बरं वाटत नाहीये, तरी करतोय. न मिळालेली उत्तरंही मुलांसमोर बोला, नाहीतर प्रार्थना केली की सगळं मिळतं असं मूल मित्राला सांगून बसेल आणि मित्राची आजारी आई बरी झाली नाही तर दोघांनाही त्रास होईल. तारण, पापक्षमा, नवा जन्म हे शब्द आपल्याला सवयीचे आहेत पण बाहेरच्या मुलाला त्यातलं काही कळत नाही, त्यामुळे घरी हा खेळ खेळा की हे शब्द न वापरता तीच गोष्ट सांगायची. "मी चुकलो तरी देव मला टाकून देत नाही, मी माफी मागितली की तो माफ करतो" असं सात वर्षांचं मूलसुद्धा सांगू शकतं.

बायबलमधल्या गोष्टी निवडताना मी तरी दोन गोष्टींवर जास्त वेळ देते. एक म्हणजे २ राजे ५ मधली, अरामी सेनापती नामानाच्या घरातली ती लहान मुलगी. तिचं नावसुद्धा शास्त्रात दिलेलं नाही. तिला तिच्या देशातून धरून आणलंय, परक्या घरात दासी म्हणून राबतेय, तरी मालकाला कोड आहे हे बघून तिला वाईट वाटतं आणि ती मालकिणीला एकच वाक्य सांगते की आमच्या देशातल्या शोमरोनात एक संदेष्टा आहे, त्याच्याकडे धनी गेले तर बरे होतील. बस. पुढचं सगळं देवाने केलं. मुलांना विचारा की तिला बोलावंसं का वाटलं असेल, उत्तर मुलंच देतात, तिला त्याची काळजी होती म्हणून. समोरच्याची काळजी नसेल तर बोलूच नये हे मुलांना इथून आपोआप कळतं.

दुसरी योहान ९ मधल्या, येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्या माणसाची. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी धर्मपुढारी, त्याला उलटसुलट विचारतात, येशू पापी आहे की नाही, तेव्हा तो म्हणतो ते मला माहीत नाही, एक माहीत आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. हे मुलांना खूप धीर देणारं आहे. सगळी उत्तरं यायलाच पाहिजेत असं नाही, "मला माहीत नाही, घरी विचारून सांगतो" हे म्हणायला त्यांना मोकळीक द्या आणि मग खरंच घरी बसून उत्तर शोधा.

आता प्रॅक्टिस. मुलांना जे प्रश्न खरोखर विचारले जातात तेच घ्या. तुमची आई टिकली का लावत नाही, तुम्ही दिवाळीत फटाके का उडवत नाही, तुमचा देव इंग्रजांचा ना, सांताक्लॉज तुमचा देव आहे का. घरातलं कुणीतरी मित्र बनून विचारा आणि मुलाला दोन-तीन वाक्यांत त्याच्या शब्दांत उत्तर देऊ द्या, लगेच सुधारायला जाऊ नका. इंग्रजांच्या देवाचा प्रश्न तर येतोच येतो. येशूचा जन्म बेथलेहेमात, यहुदी घरात झाला, म्हणजे आशियातच, हे मुलाला नकाशावर दाखवा. आणि रेव्हरंड टिळकांची ओळख करून द्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांनी येशूची गाणी अभंगांच्या चालीत, आपल्या मराठीत लिहिली, 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली त्यांची गीतं आपण आजही गातो. लक्ष्मीबाईंनी मात्र नवऱ्याच्या मागोमाग लगेच निर्णय घेतला नाही, त्यांनी काही वर्षांनी स्वतःच्या मनाने घेतला. ही गोष्टही मुलांना जरूर सांगा, कारण मित्राला घाई करायची नसते हे त्यातून छान समजतं.

काही गोष्टींत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. दुसऱ्याच्या देवाची, मूर्तीची, सणाची चेष्टा करायची नाही. "तू नरकात जाशील" असं कुठल्याही मुलाला म्हणायचं नाही. चॉकलेट, गिफ्ट देतो, आमच्या चर्चला ये, असं तर कधीच नाही. व्हीबीएसला (सुट्टीतल्या बायबल शाळेला) किंवा नाताळच्या कार्यक्रमाला मित्राला बोलवायचं तर आधी आपण मोठ्यांनी त्याच्या आईबाबांशी बोलायचं, तिथे काय काय असतं ते स्पष्ट सांगायचं, ते नको म्हणाले तर विषय तिथेच संपला आणि मैत्री आहे तशीच राहिली पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे असं सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच सांगितलंय, हे मोठ्या मुलांना माहीत असू द्या. येशूचा शिष्य पेत्र यानेही बायबलमधल्या त्याच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय आणि ते सौम्यतेने द्या असंही लगेच म्हटलंय.

नाताळात शेजारी करंज्या, शंकरपाळ्या, केकचं ताट पाठवताना मुलांना सोबत न्या. दारात काकू विचारतातच की हा सण नेमका कशाचा, तेव्हा आपण न बोलता मुलाला बोलू द्यायचं. आणि त्यांच्या गणपतीला, दिवाळीला त्या फराळ घेऊन येतील तेव्हा त्यांचंही तितक्याच आवडीने ऐकायचं. प्रसादाबद्दल प्रत्येक घराचं मत वेगळं असतं, तुमच्या घरात जे ठरलंय ते मुलाला आधीच सांगून ठेवा आणि नको म्हणायचं असेल तर हात जोडून, हसून कसं म्हणायचं तेही शिकवा.

कुणी चिडवलं तर मुलाने एकट्याने सहन करत बसू नये, घरी येऊन सांगावं, आणि सारखं होत असेल तर आपण वर्गशिक्षकांना शांतपणे भेटावं.

अकरा-बारा वर्षांचं मूल कधीतरी म्हणेल की मलाच हे खरं वाटत नाही, मी दुसऱ्याला काय सांगू. तेव्हा घाबरू नका, रागावू नका आणि त्याला चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं करून साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःच्या विश्वासाबद्दल बोलायला, लावू नका. त्याचा प्रश्न पूर्ण ऐकून घ्या, सोबत मार्कचं शुभवर्तमान वाचायला घ्या, सोळाच अध्याय आहेत, रोज थोडं वाचलं तरी चालेल, आणि तोपर्यंत मित्रांशी काय बोलायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या.