स्नायू वाढवताना तेल-तूप किती खावे?

जिममध्ये नाव घातले की पहिल्याच आठवड्यात फोडणीचे तेल बंद करून उकडलेले चिकन डब्यात नेणारी मुले दादर-लालबागमध्ये कमी नाहीत, आणि ताकद येईल म्हणून रोज वाटीभर तूप पिणारेही तिथेच भेटतात. दोन्ही टोके चुकीची आहेत.

टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरके शरीर कोलेस्टेरॉलपासून तयार करते. मात्र बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवत असल्यामुळे तूप दुप्पट केल्याने टेस्टोस्टेरॉन दुप्पट होत नाही. उलट, स्निग्धांश दीर्घकाळ एकूण उष्मांकांच्या सुमारे २० टक्क्यांखाली ठेवल्यास पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन काहीसे घटल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. स्नायू वाढतात ते वजनांच्या व्यायामाने आणि पुरेशा प्रथिनांनी. स्निग्ध पदार्थ संप्रेरकांना आधार देतात, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषून घेण्यास मदत करतात आणि जेवणाला चव आणतात, जी महिनोन्‌महिने आहार पाळणाऱ्यासाठी क्षुल्लक बाब नव्हे.

आता हिशेब. दिवसाला २४०० उष्मांक लागणाऱ्या व्यक्तीने त्यातील २५ टक्के, म्हणजे ६०० उष्मांक स्निग्ध पदार्थांतून घ्यावेत असे धरू. एका ग्रॅमला ९ उष्मांक या प्रमाणात ते साधारण ६७ ग्रॅम होतात. चमचे मोजण्यापेक्षा घरातला तेलाचा डबा कधी उघडला, ती तारीख त्यावरच लिहून ठेवावी. पाच लिटरचा डबा चौघांना महिनाभर पुरत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल होते. दोन अंड्यांतून १०, पेलाभर म्हशीच्या दुधातून १३ आणि मूठभर शेंगदाण्यांतून सुमारे १० ग्रॅम मिळाले की वरून तूप ओतण्याची गरजच उरत नाही. डबा वीस दिवसांतच संपत असेल, तर कपात तिथे करावी, अंड्यातल्या पिवळ्या बलकात नव्हे.

स्निग्धांश कुठून येतो, हेही पाहावे. तूप, लोणी आणि खोबरे यांतील संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट) एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावा. ओमेगा-३ या स्निग्धांशाच्या प्रकारासाठी महागड्या कॅप्सूलआधी बांगडा आणि तारली आठवावी. शाकाहारी मंडळींनी जवसाची चटणी आणि अक्रोड खावेत, जरी वनस्पतींतील ओमेगा-३ चे माशांतल्या प्रकारात रूपांतर शरीरात थोडेच होते. पावसाळी मासेमारीबंदीत ताजी मासळी महागली, तर सुका बांगडा चालतो, पण त्यातील मीठ लक्षात घ्यावे.

स्निग्ध पदार्थ जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. त्यामुळे स्टेशनबाहेर वडापाव खाऊन थेट स्क्वॅट्स करायला उभे राहू नये. तेलकट खाणे आणि व्यायाम यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेले असल्यास हे आकडे डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत.