नवीन जोडलेला पीसी चालू होईना? पार्ट बदलायच्या आधी हे बघा

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला नंदगडहून भाच्याचा फोन आला, "मामा, सगळं नीट जोडलंय, बटण दाबलं की पंखा एकदा हलतो आणि बंद, परत काहीच होईना." आवाज रडवेला झालेला. वर्षभर ट्युशन घेऊन साठवलेले पैसे, निम्मे पार्ट बेंगलोरच्या एसपी रोडवरून मागवलेले, निम्मे बेळगावातून घेतलेले, आणि आई मागून विचारालेली की इतके पैसे घालून हे असं कसं झालं. मी म्हटलं आता कशाला हात लावू नको, प्लग काढून ठेव आणि झोप, सकाळी येतो.

त्याच्या मशीनचं काय झालेलं ते पुढे सांगतो. पण असे फोन मला बरेच येतात, खानापूर, निपाणी, संकेश्वर, कधी पार चिकोडीहून, म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवतो. मी आजवर बघितलेल्या "नवीन आहे पण चालू होईना" मशीनमध्ये बहुतेक वेळा पार्ट खराब नव्हताच. काहीतरी अर्धवट बसलेलं असतं, एखादी वायर लावायची राहिलेली असते, नाहीतर मशीनला लागतो तेवढा वेळ दिलेला नसतो. त्यामुळे लगेच मदरबोर्ड गेला, रॅम गेली असं म्हणून दुकानात पळू नका, आधी मशीन नेमकं काय करतंय ते नीट बघा. एकदम मेल्यासारखं पडलंय का, पंखा एक सेकंद फिरून थांबतोय का, पंखे फिरतात पण स्क्रीनवर काही येईना का, की स्क्रीन येते पण विंडोज येईना. हे चार वेगवेगळे आजार आहेत, औषध पण वेगळं.

एकदम मेलेलं असेल तर सुरुवात भिंतीपासून करा. यूपीएस, स्पाइक गार्ड सगळं बाजूला काढून पॉवर सप्लायची वायर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा, आणि त्याच सॉकेटला आधी टेबल फॅन लावून बघा. मग पॉवर सप्लायच्या मागचं छोटं काळं बटण, गोल खुणेकडे दाबलेलं असेल तर ते बंद आहे, उभ्या रेघेकडे दाबा. हसू नका, याच्यासाठी लोक पंचवीस-तीस किलोमीटर मशीन घेऊन आलेले मी बघितलेत, आणि त्यांची चूक पण नव्हती, कुणी सांगितलेलंच नसतं. त्यानंतर मदरबोर्डची २४ पिनची मोठी वायर. ती नवीन असताना फार घट्ट असते, बसली असं वाटतं पण बसलेली नसते, क्लिपचा टक असा आवाज यायला पाहिजे. बोर्ड वाकतोय असं वाटलं तर खालून दुसऱ्या हाताचा आधार द्या आणि दाबा.

आता पुढच्या बटणाच्या बारक्या वायरी, सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. मदरबोर्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन ओळीत नऊ पिना असतात, दहावीची जागा रिकामी. बहुतेक बोर्डवर पॉवर स्विच सहा आणि आठ नंबरच्या पिनांवर येतो, रिसेट पाच आणि सात, पॉवरची लाइट दोन आणि चार, हार्डडिस्कची लाइट एक आणि तीन. तरी आपल्या बोर्डच्या मॅन्युअलचं ते एक पान उघडून बघाच. पॉवर स्विचला उलटंसुलटं काही नसतं, कसाही लावला तरी चालतो, लाइटला मात्र प्लस-मायनस असतं. बटणावरच शंका असेल तर त्या वायरी सगळ्या काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पॉवर स्विचच्या त्या दोन पिना अर्धा सेकंद एकमेकाला टेकवा. मशीन चालू झालं तर बाकी सगळं ठीक आहे, कॅबिनेटचं बटण किंवा त्याची वायर खराब. यात करंट बसायची भीती नाही, फक्त दुसऱ्या पिनांना टोक लावू नका.

तरी काही होईना तर पॉवर सप्लाय एकट्याला तपासा. प्लग काढा, त्याच्या सगळ्या वायरी मशीनमधून सोडवा, २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर असते ती आणि शेजारची कुठलीही काळी, या दोघींना यू-पिनीनं जोडा, आणि मग प्लग घालून मागचं बटण चालू करा. सगळ्या वायरी काळ्याच असतील तर १६ नंबर आणि १७ नंबरचा पिन. पंखा फिरला म्हणजे सप्लाय निदान जिवंत आहे. काही सप्लायचे पंखे लोड नसला की फिरतच नाहीत, त्यामुळे मल्टीमीटर असेल तर पिवळ्या आणि काळ्या वायरीवर बघा, ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये पाहिजे. सप्लाय उघडायचा मात्र नाही, कधीच नाही. प्लग काढल्यावर पण आतला कपॅसिटर चार्ज धरून असतो, तो माणसाला मारू शकतो.

इथं आपल्या भागाचं म्हणून एक वेगळं सांगायला पाहिजे. वडगाव-शहापूरच्या जुन्या घरांत, खेड्यात तर जास्तच, तीन पिनचं सॉकेट असतं पण अर्थिंगची वायर मागं कुठं जोडलेलीच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की बोटाला मुंग्या येतात आणि लोकांना वाटतं पॉवर सप्लाय खराब आला. तो सप्लायचा दोष नव्हे, अर्थिंगच नाही. वायरमनला बोलवून ते आधी करून घ्या, मशीनसाठी पण आणि घरातल्या पोरांसाठी पण. दुसरं, यूपीएस. सहाशे व्हीए लिहिलेला घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, त्याच्यावर गेमिंगचं ग्राफिक्स कार्डवालं मशीन आणि मॉनिटर दोन्ही लावलं की लाइट गेल्यावर यूपीएस पण लगेच बसतो आणि मशीन पण, मग लोक म्हणतात नवीन पीसी आपोआप बंद होतोय. तपासताना तरी यूपीएस लांबच ठेवा. आणि पावसात पार्सल आलं असेल, डबा दमट लागत असेल, तर दोन-चार तास घरात उघडं ठेवून मगच जोडा, जांबोटी-खानापूरकडं जुलैत भिंतीलासुद्धा ओल येते तिथं याची घाई नको.

आता पंखा हलून थांबतो तो प्रकार, भाच्याचा. यात आधी सीपीयूची म्हणजे प्रोसेसरची पॉवर बघायची, मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनचं वेगळं कनेक्शन असतं, ते विसरलेले खूप जण आहेत. ती वायर ४+४ अशी सुटते, ग्राफिक्स कार्डची ६+२ अशी सुटते, दोन्ही दिसायला सारख्या पण आतली जोडणी उलटी, एक दुसऱ्यात दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. जुन्या सप्लायच्या वायरी नवीन सप्लायला लावायच्या नाहीत, भोकं जुळली तरी नाही, एसएसडी (विंडोज आणि फाइली साठवायची डिस्क) जळतात त्यानं.

भाच्याची ८ पिनची वायर बरोबर होती. सकाळी मी गेलो, खिडकीजवळ पाट टाकून त्याच्यावर मदरबोर्डचा पुठ्ठ्याचा खोका ठेवला, आणि बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्या खोक्यावर मांडला. फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर आणि एक रॅम. स्क्रूड्रायव्हरनं दोन पिना टेकवल्या आणि मशीन सुरू झालं, पंखा फिरतच राहिला. म्हणजे बाहेर चालतंय आणि आत घातलं की बंद पडतंय. मग कॅबिनेटमध्ये टॉर्च मारून बघितलं. बोर्ड ज्याच्यावर बसतो ते पितळी स्टँडऑफ, त्याचा बोर्ड मायक्रो एटीएक्स म्हणजे लहान, आणि कॅबिनेटला कंपनीतूनच मोठ्या बोर्डाचा एक स्टँडऑफ जास्तीचा लावून आलेला. तो बोर्डाच्या मागच्या बाजूला बरोबर सोल्डरच्या टोकांना टेकत होता, तिथं बारीक काळा डाग पण पडलेला. शॉर्ट झाला की सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो, म्हणून पंखा एकदा हलून थांबायचा. पक्कडीनं तो स्टँडऑफ काढला, बोर्ड परत बसवला, चालू. पोराची आई चहा घेऊन दारातच उभी राहिलेली, तिनं आधी त्याच्याकडं बघितलं आणि मग स्क्रीनकडं.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो, अडकलात की बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा आणि कमीत कमी सामानात चालवा. ज्या चंदेरी पिशवीत बोर्ड येतो तिच्यावर ठेवून चालू करायचं नाही, तिच्या वरच्या बाजूनं करंट जाऊ शकतो. नुसत्या एवढ्यावर चालू झालं की एकेक वस्तू वाढवत जावा आणि दर वेळी चालू करून बघा, दुसरी रॅम, मग ग्राफिक्स कार्ड, मग एसएसडी. वस्तू काढता-घालताना प्लग काढलेलाच पाहिजे. ज्या वस्तूला बंद पडेल ती गुन्हेगार, एकदम दोन वस्तू बदलल्या तर काहीच कळत नाही.

पंखे फिरतात, लाइटी लागतात, स्क्रीन काळीच, हे सगळ्यात जास्त बघायला मिळतं. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डच्या मागं नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का बघा, इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर नाही, रायझन ५००० मध्ये शेवटी जी नसेल तर नाही. असा प्रोसेसर आणि कार्ड नाही, तर जन्मात स्क्रीन येणार नाही आणि त्यात कुणाचा दोष पण नाही.

मग बोर्डवर बारक्या चार लाइटी शोधा, सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स), बूट असं शेजारी लिहिलेलं असतं. जी लागून राहते तिथं गाडी अडकलीय. स्वस्तातल्या काही बोर्डवर त्या नसतात, तिथं पन्नास-शंभर रुपयाचा बारका स्पीकर लावून बीप ऐकायची, कुठल्या बीपचा काय अर्थ ते मॅन्युअलमध्ये असतं.

डीरॅमची लाइट असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा रॅम नीट बसलेली नसते. बोर्डला चार खाचा आणि दोन रॅम असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. दोन्ही कडांना अंगठ्यानं दाबा, क्लिप स्वतःहून मिटायला पाहिजे. नाही झालं तर एकच रॅम दुसऱ्या खाचेत लावून बघा, मग दुसरी रॅम तिथंच. पण डीडीआर-५ म्हणजे नव्या पिढीची रॅम असेल तर ही सगळी उठाठेव करायच्या आधी थांबा, नुसतं थांबा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची ओळख करून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि एएम-५ (नव्या रायझनचं सॉकेट) बोर्डवर त्याला कितीतरी मिनिटं जातात. निपाणीच्या एका पोराला मी व्हिडिओ कॉलवर बघत होतो, तो दर चाळीस सेकंदाला बटण दाबून बंद करायचा आणि "दादा, बघा की, परत तेच" म्हणायचा. मी म्हटलं बाळा, हात मागं घे, चहा पिऊन ये. सहाव्या मिनिटाला स्क्रीन आली. दर वेळी तो ट्रेनिंग अर्ध्यात तोडत होता. पंधरा मिनिटं द्या, मग काय ते ठरवा.

सीपीयूची लाइट लागून राहिली तर आधी परत ती ८ पिनची वायर. मग बायोस, म्हणजे बोर्डातच असलेला, मशीन सुरू करून देणारा प्रोग्राम. बोर्ड जुन्या स्टॉकमधला आणि प्रोसेसर नंतर आलेला असेल तर बोर्ड त्याला ओळखतच नाही, बी-४५० बोर्डवर रायझन ५०००, बी-६६० बोर्डवर इंटेलची १३वी-१४वी पिढी, बी-६५० वर रायझन ९००० असं हे होतं. बोर्डच्या मागं बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल घालून, २४ पिन आणि ८ पिनच्या वायरी लावून अपडेट करता येतं, प्रोसेसर नसला तरी चालतं. फाइलचं नाव काय ठेवायचं ते कंपनीनं सांगितलेलं तसंच्या तसं ठेवा. बटण नसेल तर जिथून बोर्ड घेतला त्या दुकानदाराला सांगा, जुना प्रोसेसर लावून तो करून देतो, आणि मध्ये लाइट जाऊ नये म्हणून हे काम मात्र चांगल्या यूपीएसवरच. बायोस पण बरोबर असेल तरच प्रोसेसर काढून पिना बघा. एएम-४ (रायझनचं जुनं सॉकेट) चा कूलर सरळ वर ओढू नका, थोडा डावी-उजवीकडं फिरवत सैल करा, नाहीतर कूलरखालच्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. आणि कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा कागद काढलाय का तेवढं बघा.

काहीच पत्ता लागेना तर सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंग) क्लिअर करा, म्हणजे प्लग काढून बोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवायचा आणि परत घालायचा.

स्क्रीन येते पण विंडोज येईना, याला मी आजारच म्हणत नाही. नवीन एसएसडी रिकामी असते, पेनड्राइव्हवरून विंडोज घालायला लागतंच. बायोसमध्ये एसएसडीचं नाव दिसत नसेल तर एम-डॉट-टू (बोर्डवरच आडवी बसणारी एसएसडी) काढून परत तिरकी घालून दाबून स्क्रू लावा.

एवढं करून एखादा पार्ट खरंच मेलेला निघाला तर तो बदलून मिळतो, पण बिल, खोका आणि इंटेल किंवा एएम-५ बोर्ड असेल तर प्रोसेसरच्या सॉकेटवरची ती काळी प्लास्टिकची टोपी जपून ठेवलेली पाहिजे. बोर्ड परत पाठवताना टोपी नसेल तर पिना वाकू शकतात आणि कंपनी वॉरंटी नाकारू शकते. बोर्ड आणलेल्या दिवशीच ती टोपी खोक्यात टाका आणि खोका माळ्यावर ठेवा, घरचे रद्दीत देतील म्हणून त्याच्यावर पेननं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.